बरमिणीचे कागद

माझ्या भावजयीनं मला पहिला फटका दिला तो फुंकणीनं. डाव्या खांद्यावर. लोखंडी फुंकणी होती, वळ कितीतरी दिवस गेला नाही. मी काय गप्प बसणारी? मी तिच्या झिंज्या धरल्या आणि चुलीपासून उंबऱ्यापर्यंत तिला ओढत आणली. कारण काय, तर तिनं कृष्णेतले मासे मीठ लावून मडक्यात कोंबले होते आणि ते मडकं माझ्या परड्यात उन्हाला ठेवलं होतं. वास असा सुटला की म्हैस दूध चोरायला लागली. मी मडकं उचललं आणि उकिरड्यावर आपटलं. तिला मराठी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती. मग बोलायचं कशानं? फुंकणीनं.

ती बरम्याची, म्हणजे ब्रह्मदेशातली. माझा भाऊ पलटणीत खेचरांवर होता. आई-बाप लवकर गेलेले, मी विधवा होऊन माहेरी आलेली, आणि त्याला मीच कडेवर वाढवलेला. लढाई संपल्यावर तो एक ट्रंक आणि ही बायको घेऊन परत आला. तिच्या घरातली सगळी माणसं एका दुपारी विमानांनी संपवली होती. कुणाच्या विमानांनी, जपान्यांच्या की इंग्रजांच्या, हे तिला कधी कळलं नाही. पुढं मराठी यायला लागल्यावर मी विचारलं तर ती नुसती वर आभाळाकडं बघायची.

पलटणीच्या साहेबानं दोघांचं लग्न लावून दिलं होतं. सही-शिक्क्याचा कागद दिला होता, दोघांचा फोटो काढून त्याच्या पाठीवरही शिक्का मारला होता. त्या कागदाच्या जोरावर ती बोटीत बसली, कलकत्त्याला उतरली आणि आगगाडीनं कराडपर्यंत आली. भावानं ते कागद बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातले आणि डबा देव्हाऱ्यात ठेवला. रोज आंघोळ झाली की देवाबरोबर डब्यालाही हात जोडायचा. मी हसायचे त्याला.

आमचं गाव आष्ट्याच्या अलीकडं, उसाचं. गावानं नव्या नवरीचं स्वागत दगडांनी केलं. पहिल्या आठवड्यातच घरावरची कौलं फुटली. भावकीतला एक चुलतभाऊ पारावर बसून म्हणाला, "लोकं पलटणीतनं घड्याळं आणत्यात, ह्यानं रांड आणली." माझ्या भावानं पारावर जाऊन वैरणीच्या दांडक्यानं त्याचं थोबाड फोडलं. पुढचे दोन दात खाली पडले आणि दाणे टाकले असं वाटून कोंबड्या धावल्या. त्यानंतर कौलं फुटायची थांबली. तिच्यासाठी कुणाचाही जीव घेईल असा होता तो तेव्हा, हे मुद्दाम सांगून ठेवते.

बायका मात्र हळूहळू वळल्या. ती चंदनासारखं कसलंसं खोड सहाणेवर उगाळून गालाला फासायची आणि मग उन्हात भांगलायला जायची. आधी सगळ्या फिदीफिदी हसल्या. पुढच्या उन्हाळ्यात निम्म्या पोरी साधं चंदन फासून फिरत होत्या. भाषा ती माझ्याकडनं शिकली, म्हणजे शिव्यांसकट शिकली. म्हशीनं लाथ मारली की "मुडदा बशिवला तुजा" असं इतक्या गोड आवाजात म्हणायची की मला भांडायचंही सुचायचं नाही. मला आक्का म्हणायची. वर्षानं मुलगी झाली. बाळंतपण मीच केलं. कळा सोसताना तिनं माझ्या दंडाला दात लावले, त्याची खूण अजून आहे.

तिला हिंदुस्थानात राहायचा परवाना होता, त्याला मुदत होती. मुदत संपत आली की साताऱ्याच्या पोलीस कचेरीत जायचं, तिथला साहेब डब्यातला कागद बघायचा, फोटो बघायचा, तिच्याकडं बघायचा आणि परवान्यावर शिक्का मारायचा. कागद होता तोवर कामाला वेळ लागला नाही. मग आपल्याला स्वातंत्र्य मिळालं, आणि पाठोपाठ त्या जानेवारीत तिच्या मुलखालाही मिळालं. फौजदार म्हणाला, "आता बाई खरीखुरी परदेशी झाली. नवा अर्ज करा, इंग्रजीत. सगळ्या कागदांच्या नकला जोडा. हिथली प्रजा व्हायचं असंल तर तसंबी त्यात लिवा."

इंग्रजी लिहिणारा माणूस आम्हाला एकच माहीत, ओढ्यापलीकडच्या गावातले मास्तर. दोन्ही गावांची पोरं त्यांच्याच हाताखाली शिकलेली. भाऊही त्यांचाच विद्यार्थी, आणि भावाला सोडायला गेलेली मी त्यांच्या ओसरीच्या पायरीवर बसून चार अक्षरं उचलली ती तिथंच. आज हे लिहिते आहे ते त्यांच्यामुळे. मास्तरांनी डबा उघडून कागद वाचला, फोटो निरखला आणि म्हणाले, "ठेवून जा. नकला करायला वेळ लागेल. हा कागद म्हणजे तुझ्या बायकोचा जीव आहे, माझ्या ट्रंकेत राहू दे." मास्तरीणबाईंनी भावजयीला कुंकू लावलं आणि मुलीच्या हातावर गूळ ठेवला. भाऊ त्यांच्या पाया पडला.

त्या महिन्याच्या अखेरीस दिल्लीत त्या म्हाताऱ्याला गोळ्या घातल्या.

आमचं गुऱ्हाळ चालू होतं. बातमी आष्ट्याच्या बाजारातून आली, आणि तिच्या मागोमाग मारणारा बामण आहे ही बातमी आली. दुसऱ्या दिवशी दोन लॉऱ्या भरून माणसं आली, घासलेटचे डबे घेऊन. आमच्या गावातल्या जाणत्यांनी सांगितलं, "आपल्या गावच्या बामणाला हात लावायचा न्हाई. गाव एक हाय." ओढ्यापलीकडच्या जाणत्यांनीही त्यांच्या गावात हेच सांगितलं. मग काय झालं? आमच्या गावची माणसं ओढा ओलांडून तिकडं गेली आणि तिकडची इकडं आली. एकमेकांना वाटेत भेटली असतील, रामराम घातला असेल. अशी अक्कल फक्त आमच्याच माणसांना सुचू शकते. जाळायचं तर होतं, पण शेजाऱ्याला तोंड दाखवायची लाजही वाटत होती.

मी काहिलीवरची मळी काढत होते. दुपारची वेळ. ओढ्याच्या पलीकडं धूर दिसला. कडब्याचा धूर पांढरा असतो. तो आधी आला. मग घराचा काळा आला. भावजय चुलाण्यात चिपाडं टाकत होती. तिनं वर बघितलं, हातातली चिपाडं फेकली, मुलीला पोटाशी घेतलं आणि बैलगाडीखाली पालथी पडली, डोकं दोन्ही हातांत धरून. तिला वाटलं विमानं आली. मी तिला ओढत होते, "अगं बया, विमान न्हाई, विमान न्हाई," पण ती निघेना. आणि मग पलीकडनं एका गाईचा आवाज आला. हंबरणं नव्हे ते. जनावर जळताना काय आवाज करतं ते ज्यानं ऐकलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. काहिलीतला सगळा रस करपला, कुणी ढवळायला नव्हतंच. गडी सगळे गेले होते. माझा भाऊही जागेवर नव्हता.

तो दिवेलागणीला आला. अंगाला गुळाचा वास यायला हवा होता, घासलेटचा येत होता. एक भुवई करपलेली. मी त्याची गचांडी धरली. "कुठं गेला हुतास?"

"लांबनं बघत हुतो, आक्का."

"घासलेट कशाचं?"

"गर्दीत अंगावर सांडलं."

"पोरीच्या डोक्यावर हात ठिव आणि सांग."

त्यानं झोपलेल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, मी काडीही लावली नाही. आमच्याकडं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं कुणी बोलत नाही. मी गचांडी सोडली.

भावजयीनं विचारलं, "मास्तरांचं घर?"

"जळलं."

"माजा डबा?"

तो मटकन खाली बसला. "डबा," असं नुसतं म्हणाला, आणि त्याचं तोंड असं पडलं की मला त्याचीच कीव आली. ती मात्र मास्तरीणबाईंसाठी रडली. कुंकू लावलं होतं त्यांनी, एवढंच म्हणत रडली.

त्यानंतर आमचे साताऱ्याचे फेरे सुरू झाले. कराडला मोटार बदलायची, साताऱ्याला कचेरीच्या व्हरांड्यात बसायचं. हेडक्लार्क मान वर न करता म्हणाला, "कागद जळाले? हल्ली सगळ्यांचेच जळाले आहेत." तीन महिन्यांची मुदत दिली, तेवढ्यात पलटणीकडून नक्कल मागवा म्हणाला. पलटणीची फाळणी झालेली, निम्मी पाकिस्तानात गेलेली, लग्न लावणारा साहेब विलायतेला. पत्रं टाकली, उत्तर नाही. पुन्हा फेरा, पुन्हा तीन महिने. इथली प्रजा करून घ्यायच्या अर्जाचं विचारलं की एकच उत्तर, "बाई, तो कायदा अजून व्हायचाय. देश नवा आहे."

"द्येस नवा, मग मीबी नवीच हाय की," भावजय म्हणाली. हेडक्लार्कला हसू आलं, पण हसून शिक्का बसत नाही.

व्हरांड्यात एका शिपायानं गर्दीचा फायदा घेऊन तिच्या कमरेला चिमटा काढला. ती ओरडली. मी त्याचं मनगट धरलं आणि कडकडून चावले, तोंडाला रक्त लागेपर्यंत. मला कोठडीत घालतील असं वाटलं होतं, पण त्यालाही कुठं बोंब मारायची सोय होती? मनगट धोतराच्या सोग्यात धरून तो मागच्या मागं गेला.

एकदा मुदत संपून गेली आणि नवी मिळालीच नाही. एके सकाळी दोन पोलीस दारात हजर. बाईला तालुक्याला नेऊन बसवायचा हुकूम आहे म्हणाले. मी परड्यात म्हशीसाठी वैरण तोडत होते. कोयता तसाच हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. "या की. पयला कोन येतोय?" त्यातला वयस्कर म्हणाला, "आक्का, आमी हुकमाचं ताबेदार." मी म्हटलं, "मी कोयत्याची ताबेदार." खोटं वाटेल, पण मी खरंच वार केला असता. आत भावजयीनं मुलीला धान्याच्या कणगीत लपवलं होतं आणि कणगीसमोर विळीचं पातं धरून बसली होती. शेवटी पोलीसपाटील मध्ये पडला, दोन जामीन उभे राहिले आणि आणखी थोडे दिवस पदरात पडले. पोलीस गेल्यावर आम्ही दोघी चुलीपुढं बसून चहा प्यालो आणि कपबशी माझ्या हातातनं निसटून फुटली.

त्यात जिल्हाच फुटला. आमचा तालुका साताऱ्यातून निघून सांगलीत गेला. साताऱ्याचा हेडक्लार्क म्हणाला, तुमचं प्रकरण सांगलीला पाठवलं. सांगलीचा म्हणाला, आलं नाही. बैलगाडीनं पाठवलं असतं तरी आलं असतं एवढ्या दिवसांत! सांगलीचा साहेब तरुण होता, शांत बोलायचा, आणि शांत बोलणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते. तो म्हणाला, "प्रकरण नाही, कागद नाही, तर मी कशावर सही करू? एकच मार्ग आहे. ज्यांच्या ताब्यात कागद होते त्यांचा जबाब आणा. कागदात काय होतं आणि तो कसा नष्ट झाला, दोन्ही लिहून. या महिन्यात आणा. नाहीतर बाईंना कलकत्त्याला पाठवावं लागेल, तिथून बोट."

"आणि पोरगी?" मी विचारलं.

"मुलगी इथं जन्मली. ती बापाजवळ राहील."

भावजयीला सगळं समजलं. ती तिथंच कचेरीच्या फरशीवर बसली आणि मुलीला इतकं घट्ट धरलं की मुलगी गुदमरून रडायला लागली.

मास्तर त्या जळितानंतर गाव सोडून गेले होते. भावाला म्हटलं, शोध त्यांना. तो म्हणायचा, पुण्याला गेलेत. मग म्हणायला लागला, वारलेत असं ऐकलं. इकडं महिना संपत चाललेला. मी काय त्याच्या भरवशावर बसते? आष्ट्याच्या बाजारात एका किराणावाल्याला विचारलं, तो म्हणाला, "अहो, सांगलीतच आहेत की, विश्रामबागेत. भाड्याच्या खोलीत." मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा भाऊ भाकरी खात होता. त्यानं घास खाली ठेवला. म्हणाला, "मी येत न्हाई. कांद्याला पाणी द्यायचंय."

"बायको चाललीया बोटीत, आणि कांद्याला पाणी? डोकं फिरलंय का तुजं?" मी त्याच्या पाठीत लाटणं घातलं. तो हलला नाही.

सकाळी आम्ही दोघी मुलीला घेऊन मोटारीत बसलो. मोटार हलली आणि तो धावत आला, मागच्या शिडीला लटकला. कृष्णेवरचा पूल येईपर्यंत आत येऊन बसला नाही.

विश्रामबागेतली ती खोली म्हणजे एका बंगल्याच्या मागची, नोकरांसाठी बांधलेली. दार मास्तरीणबाईंनी उघडलं. त्यांनी मला ओळखलं, भावजयीला ओळखलं, आणि मग मागं उभ्या असलेल्या भावाकडं बघितलं. म्हणाल्या, "हा इथं कशाला आलाय?"

त्यांचे हात मी तेव्हा बघितले. दोन्ही तळवे आणि बोटं भाजून आखडलेली, कातडी चकचकीत. दाराची कडीसुद्धा त्यांनी मनगटानं काढली होती. आत मास्तर खाटेवर बसले होते. त्यांनी बसा म्हटलं नाही. पाणी तर कुणी विचारलंच नाही, आणि मलाही मागायचा धीर झाला नाही. भावजयीनं पदर पसरला आणि माझ्याकडनं शिकलेल्या मराठीत सगळं सांगितलं, जबाब, महिना, बोट, पोरगी. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कागद मी वाचला होता. त्यातला शब्द न् शब्द मला आठवतो, तो लिहून देईन," ते म्हणाले. "पण तो कसा जळाला तेही लिहायचंय ना? मी अर्धं खरं लिहीत नाही. कुणी जाळला तेही लिहीन. लिहू?"

हा प्रश्न त्यांनी भावाकडं बघून विचारला.

मास्तरीणबाई बोलल्या. आवाज चढला नाही त्यांचा. "गोठ्यामागच्या कडब्याला ह्यानं पेटवलं. गाय बांधलेली होती. दाव्याची गाठ ओढून ओढून आवळली होती, मला सुटेना. हा चार हातांवर उभा होता. मी ह्याला नावानं हाक मारली, म्हटलं, अरे बाळा, तेवढं दावं सोड. ह्यानं माझ्याकडं बघितलं आणि पळाला. ती माझ्या हातात जळाली."

"आम्ही पोलिसांत एकाचंही नाव दिलं नाही," मास्तर म्हणाले. "दया आली म्हणून नव्हे. द्यायची तर किती नावं द्यायची? सगळे माझ्याच वर्गातले. मला परत त्यांची हजेरी घ्यायची नव्हती."

मी भावाला म्हटलं, "पोरीच्या डोक्यावर हात ठेवला हुतास तू."

तो भिंतीला टेकून उभा होता. "सगळी निघाली, मीबी निघालो," तो म्हणाला. "न्हाई म्हटलं असतं तर लोकं म्हनली असती, बरमीण केली, आता बामणाचा झाला."

भावजय उठली. त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. ती उंचीनं त्याच्या छातीएवढी. "तुला म्हाईत हुतं? मास्तरांचं घर हाय?"

"व्हय."

"माजा डबा त्यात हाय, म्हाईत हुतं?"

त्यानं एकदा मुलीकडं बघितलं. मग म्हणाला, "म्हाईत हुतं. पर तवा आठवलं न्हाई. देवाशपथ, तू आठवलीच न्हाईस."

तिनं मूठ आवळून त्याच्या नाकावर मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा नाकातनं रक्ताची धार लागली, सदरा भिजला, फरशीवर थेंब पडले. त्यानं हात वर केला नाही. मी मध्ये पडले नाही. खरं सांगते, ती दमली असती तर पुढचे मी मारले असते. मुलगी किंचाळत होती. मास्तरीणबाईंनी कोपऱ्यातलं फडकं पायानं आमच्याकडं सरकवलं. "फरशी पुसा ती," म्हणाल्या. "मला पिळायला येत नाही." मी खाली बसून माझ्या भावाचं रक्त पुसलं.

नाक सदऱ्यात धरून तो म्हणाला, "लिवा, मास्तर. माजं नाव लिवा."

मास्तरांनी लिहिलं. अक्षर तेच, शाळेतलं, गोल आणि सरळ. कागदावरची ओळ न ओळ, फोटोत कोण कुठं उभं होतं, शिक्का कुठं होता, आणि मग कडबा, गाय, आणि नाव. आम्ही निघालो तेव्हा कुणी कुणाला येतो म्हटलं नाही. दार मास्तरीणबाईंनी मनगटानं लावून घेतलं.

साहेबानं जबाब दोनदा वाचला. शिक्का काढला, परवान्याला मुदत दिली, बोटीचा हुकूम रद्द केला. मग बाहेरच्या शिपायाला हाक मारून भावाला आत बसवून घेतलं. दोन्ही कामं एकाच मेजावर झाली. खटला चालला, त्यानं सगळं कबूल केलं, दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. गावात आम्हाला वाळीतच टाकलं. म्हणजे जाळल्याबद्दल नव्हे, कबूल केल्याबद्दल. त्याच्यामागं आपलीही नावं निघतील ही भीती. पुन्हा कौलं फुटली. ह्या खेपेस दांडकं घेऊन बाहेर निघालो ते आम्ही दोघी.

पुढं कायदा झाला, अर्ज धूळ खाऊन खाऊन अखेर निघाला आणि ती इथली झाली. पण त्याआधी बरेच फेरे व्हायचे होते. तिनं दर मुदतीला सांगलीच्या कचेरीत जायचं, आणि त्याच दिवशी मी तुरुंगात भावाला भेटायला जायचं, असा आमचा पाठ पडला. ती तुरुंगाच्या दारापर्यंत यायची आणि बाहेर चिंचेखाली मुलीला घेऊन बसायची. आत यायची नाही. तो दर वेळी गजाला तोंड लावून विचारायचा, "आली हाय?"

"आली हाय."

"आत यील का?"

"मला काय इचारतोस? तिला इचार, दिसली तर."

मलाही त्याचा राग होताच, अजून आहे. पण मी त्याला कडेवर वाढवलेला, मी न जाऊन कुठं जाणार?

एकदा मी आत गेले, त्याच्याशी दोन शब्द बोलले आणि मागं वळून बघते तर ती. मुलीला कडेवर घेऊन आली होती. तो वाळला होता, नाक वाकडंच जुळलं होतं. त्यानं गजातनं हात काढला, मुलीच्या डोक्यावर ठेवणार होता, पण मध्येच मागं घेतला. "मला वाटलं, इसरलीस मला," तो म्हणाला.

"लय बगितलं इसरून," ती म्हणाली. "शेतात बगितलं, निजताना बगितलं. मला जमंना." मग त्याच्याकडं नीट बघत तिनं विचारलं, अगदी खरोखर माहीत करून घ्यायचं असल्यासारखं, "तुला कसं जमलं रं?"

शिपायानं वेळ झाली म्हणून गज वाजवला. तिनं मुलीला माझ्या कडेवर दिलं, परवान्याचा कागद पोलक्यात नीट आहे ना ते चाचपून बघितलं आणि आम्ही आष्ट्याची मोटार धरायला निघालो.